कोणतं कोकण

कोण तुम्ही?

वत्सलाबाईंनी हे चहाच्या आधीच विचारलं. भाड्याच्या खोलीसाठी आधी पाहिलेल्या घरांत चहा झाल्यावर विचारत, एवढाच काय तो फरक.

या वेळी आडवळण घ्यायचं नाही, असं धनराजने येतानाच ठरवलं होतं. आडनाव राऊत म्हटलं की लोक गाव विचारतात. सुरगाण्याच्या पुढचं गाव सांगितलं की चेहरा बदलतो आणि खोली अचानक पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघते. चेहरा कुठल्या शब्दावर बदलतो तेही त्याच्या बायकोला, मीनाला, पाठ झालं होतं. ओट्यावर बसल्या बसल्या धनराज म्हणाला, "आम्ही कोकणी." आणि उठायचंच आहे म्हणून त्याने एक पाय चपलेत सरकवला.

"अगबाई, कोकणातले," वत्सलाबाई म्हणाल्या आणि आत जाऊन त्यांनी चहात दूध वाढवलं.

धनराजचा एक पाय चपलेत तसाच राहिला.

नाशिकच्या पश्चिमेला, डोंगरात राहणाऱ्या आदिवासींतले काही लोक स्वतःला कोकणी म्हणतात. कुणी कोकणा म्हणतं. समुद्राकाठच्या कोकणाशी त्यांचं नातं असेलच तर ते इतकं जुनं आहे की गावात कुणाला आठवत नाही. मीनाने समुद्र पाहिला नव्हता. धनराजने आश्रमशाळेतल्या नकाशावर पाहिला होता, निळा, कोपऱ्यात फाटलेला.

रात्री भांडी फळीवर लावताना धनराज म्हणाला, आपण खोटं बोललो नाही. मीना म्हणाली, नाही बोललो. खोटं न बोलता नाशिक रोडला खोली मिळाली होती. धनराजला कामावर नेणारी एकलहऱ्याची बस कोपऱ्यावरून सुटत होती, नळाला पाणी होतं, आणि तरीही

 

मासे खाता ना?

खातो, मीना म्हणाली. तेही खरंच होतं. नदीतले, बोटाएवढे. वत्सलाबाईंना पापलेट ऐकू आलं.

तांदळाची भाकरी? करतो. नाचणीची? करतो, आम्ही नागली म्हणतो. असेल बाई, दर तालुक्याला नाव वेगळं. पाऊस फार ना तुमच्याकडे? फार. माती लाल? लाल. आणि समुद्र घरापासून किती लांब?

"लांब आहे," मीना म्हणाली.

एकही उत्तर तिने जुळवून दिलं नव्हतं. ती आपोआप जुळत होती. एकेका उत्तरासरशी मीना आपल्या डोंगरावरून थोडी थोडी खाली घसरत होती, आणि खाली वत्सलाबाई पदर पसरून उभ्या होत्या. त्यांचे यजमान नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते तेव्हा बरोबरच्या लोकांसोबत एकदा कोकणात जाऊन आले. घरी कुणीतरी राहायला हवं म्हणून वत्सलाबाई गेल्या नाहीत. यजमान पुढे कितीतरी वर्षं त्या लाटांचं, त्या वाळूचं बोलत राहिले, आणि एक दिवस वारले. कोकणातलं कुणी घरात राहायला आलं हे वत्सलाबाईंना यजमानांनीच धाडल्यासारखं वाटत असावं. तसं त्या म्हणाल्या नाहीत. आळीत मात्र सगळ्यांना सांगून आल्या.

समोरच्या बिडकरबाई मुद्दाम बघायला आल्या. मुलगी काळी आहे, असं त्यांनी हळूच म्हणून पाहिलं.

"सावळी," वत्सलाबाई म्हणाल्या. "खाऱ्या वाऱ्याने होतात तशा. पण तजेला बघा ना."

मीनाने त्या दिवशी पत्र्याच्या आरशात तजेला शोधला.

 

ते कोण आलेत प्लॉटवर?

दिवाळीनंतर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर इमारतीचा पाया खणायला घेतला. पत्र्याची शेड उभी राहिली. भात झोडून झालं की डोंगरातली माणसं कामाला खाली उतरतात, कुणी द्राक्षबागांत, कुणी बांधकामावर. तशीच ही. मीनाने त्यांना पाहण्याआधी ऐकलं. बाया पाट्या उचलताना बोलत होत्या, आणि कान लावायची गरज न पडता प्रत्येक शब्द तिला कळत होता. कितीतरी महिन्यांनी तिला असं फुकटात काही कळत होतं.

"डांगी लोक," वत्सलाबाई म्हणाल्या. "दार लावून घेत जा. वाळत घातलेलं लवकर काढत जा."

मजूर बाया मागच्या नळावर पाणी प्यायला यायच्या. त्यांच्यासाठी वत्सलाबाईंनी खिळ्याला एक लाल प्लास्टिकचा मग अडकवला. हे शिकायचं नसतं, ते आपोआप कळतं, असं त्या मेथी निवडता निवडता मीनाला सांगत होत्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांचा फुलांचा मळा होता, शेवंती, झेंडू. तोडणीला डांगी बाया यायच्या. एकीने पाणी मागितलं. नव्या सुनेने तांब्या तिच्या हातात दिला. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी तो तांब्या उचलला आणि गोठ्यात नेऊन ठेवला. पुन्हा तो कधी घरात आला नाही. दुसऱ्या दिवसापासून वत्सलाबाई वरून पाणी ओतायला लागल्या आणि बाया ओंजळ धरायला लागल्या.

"कुणी शिकवलं का मला? नाही. आपोआपच," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि मेथीची जुडी मीनाच्या पुढे सरकवली.

मीना पानं खुडत राहिली. आपण हे सगळं ओंजळीच्या बाजूने ऐकतोय की तांब्याच्या, हे तिला कळत नव्हतं. हात मेथीत होते. त्यांना तर काहीच विचारता येत नव्हतं.

पण ती दार लावून घ्यायला लागली. आधी वत्सलाबाईंना दिसावं म्हणून. मग त्या घरात नसल्या तरी. एकदा दाराआडून तिने प्लॉटवरच्या बाईला म्हणताना ऐकलं: ती पोटुशी बाई कोणाची असंल, चालते तर आपल्यासारखी. त्या दिवसापासून मीनाने चालणं बदललं. सातवा महिना लागलेला, चालणं बदलायचं म्हणजे काय, तर ती घरात बसली.

 

आई कधी येणार?

हा प्रश्न वत्सलाबाईंचा होता. मीनाच्या मनात तो त्याच्याही आधी होता.

पहिलं बाळंतपण माहेरी. पण बाळ पायाळू दिसतंय, घाटातला प्रवास करू नका, असं दवाखान्यात सांगितलं. म्हणजे आईलाच यावं लागणार. मीनाला दुसरं कुणी नको होतं. रात्री बाळ पोटात आडवं फिरायचं तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि फक्त आईचे हात आठवायची, नागलीच्या पिठाचे, खरखरीत. धनराज म्हणाला, आई आली की संपलं. कपाळावर गोंदण, गुडघ्यापर्यंतचं लुगडं, आणि तोंड उघडलं की बोली. एका दिवसात खोली जाईल. ओलं बाळ घेऊन कुठे हिंडणार? एक तर आणू नये, नाहीतर आधी सांगून टाकावं.

मग मीना सांगायची तयारी करायला लागली.

काकू, एक सांगायचं होतं.

काकू, आम्ही कोकणी म्हणजे

काकू, तुम्ही म्हणता ते कोकण वेगळं आणि आमचं

काकू, त्या प्लॉटवरच्या बाया आहेत ना, त्या

हे शेवटचं एकदा खरोखर तोंडातून निघालं. वत्सलाबाईंनी लगेच विचारलं, "काही उचललं का त्यांनी तुझं?" मीना नाही म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिथेच संपलं. उलट दुसऱ्या दिवशी वत्सलाबाईंनी धनराजलाच फैलावर घेतलं. पोरीचे दिवस भरत आलेत, आईला अजून कसं आणलं नाही? गाडीभाड्याचे पैसे नसतील तर तसं सांग. धनराज मान खाली घालून ऐकत राहिला आणि रविवारी सुरगाण्याच्या गाडीत बसला.

 

अंबूबाई आली. डोक्यावर गाठोडं, गाठोड्यात नागली, हातसडीचा तांदूळ, सुक्या मासळीची पुडी. कपाळावर हिरवं गोंदण. लुगडं गुडघ्याच्या खाली उतरलेलं नाही. मीना दारात उभी राहून आईकडे बघत नव्हती, वत्सलाबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती.

चेहरा बदलला.

"अगदी कोळणींसारखं नेसतात गं या," वत्सलाबाई म्हणाल्या. "हे म्हणायचे, तिकडे बाया अशाच नेसतात. पाण्यात उतरावं लागतं ना." आणि त्यांनी हात वर करून अंबूबाईच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून घेतलं.

अंबूबाईला काही कळलं नाही. तिने मुलीच्या पोटावर हात ठेवला. तेवढं तिला कळत होतं.

 

प्लॉटकडच्या भिंतीच्या या बाजूला अंबूबाईने सुकी मासळी तव्यावर टाकली. वत्सलाबाई म्हणाल्या, आहाहा, कोकणचा वास. त्यांनी दोन घास खाल्ले, डोळ्यांत पाणी आलं, तरी आणखी मागितले.

भिंतीच्या त्या बाजूला शेडमध्ये सुकी मासळी भाजली. वत्सलाबाईंनी खिडकी लावली.

या बाजूला अंबूबाई लेकीशी बोलली. काय गोड भाषा, मालवणी ना ही?

त्या बाजूला तेच शब्द, तोच हेल. नुसता कलकलाट दिवसभर.

या बाजूला गोंदण म्हणजे जुन्या रीती जपतात हो अजून

त्या बाजूला

एका संध्याकाळी वारं पडलं होतं. मागच्या अंगणात वास आला आणि वत्सलाबाई बाहेर आल्या. भिंतीच्या या बाजूची चूल पेटली होती की त्या बाजूची, ते दिसत नव्हतं. त्या नाक वर करून उभ्या राहिल्या. चांगला म्हणावा की घाण, ते ठरेना. शेवटी त्यांनी मीनाला विचारलं, "कुणाचा गं हा?"

मीना म्हणाली, "कळत नाही, काकू." खरंच कळत नव्हतं.

 

अंबूबाईला तहान लागली तेव्हा तिने समोर दिसला तो लाल मग उचलला. वत्सलाबाई धावत आल्या. तो नाही, तो त्यांचा, म्हणत त्यांनी मग काढून घेतला आणि स्टीलचा पेला आणून दिला. अंबूबाई पेल्यातून पाणी प्याली. मग तिने खिळ्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. मीना वाळलेले कपडे काढण्यात गुंतली होती, दोरीवर एकच कपडा होता.

मुलगी झाली. बाळ पायाळू जन्मलं नाही, आयत्या वेळी फिरलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा वत्सलाबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि तेल कोमट करून बाळाला स्वतःच्या पायांवर घेतलं. अंबूबाई पाणी ओतायची, वत्सलाबाई चोळायच्या. दोघींची भांडणं व्हायची. बाळाचं डोकं दाबायचं की नाही, यावर एक सकाळ गेली. मीना खाटेवरून ऐकायची. एका हाताला आई, एका हाताला काकू. हे असंच राहू दे, कुणी काही बोलू नका, असं ती मनात म्हणायची. कुणाला म्हणत होती, कोण जाणे.

 

काय बसता त्यांच्यात?

हे वत्सलाबाईंनी अंबूबाईला विचारलं होतं, दुपारी ती प्लॉटवर जाऊन बसायची म्हणून. अंबूबाई हसली होती. तिला वाटलं, हिला ठाऊकच आहे. लेक इतके महिने इथे राहते, म्हणजे ठाऊक असणारच.

त्यामुळे पाचवीच्या दिवशी तिने कुणाला विचारलं नाही. पाचवीला आपल्या बाया लागतात. गाणी कोण म्हणणार? ती प्लॉटवर गेली आणि नवसाबाईला, शेडमधल्या दुसऱ्या बायांना बोलावून आली. नवसाबाई तिच्या नदीपलीकडच्या गावची होती.

इकडे वत्सलाबाईंनी आळीतल्या बायकांना बोलावलं होतं. कोकणातली पाचवी बघायला या, म्हणून.

दिवेलागणीला आळीतल्या बायका चटईवर बसल्या होत्या. पाट्याची पूजा मांडून झाली होती. फाटकाशी नवसाबाई आणि बाया येऊन उभ्या राहिल्या, अंघोळी करून, केस ओले, एकीच्या हातात पानाच्या द्रोणात तांदूळ. त्यांच्यापैकी कुणीच फाटकाला हात लावला नाही.

वत्सलाबाई म्हणाल्या, नळ मागच्या बाजूला आहे.

"मी बोलवलं त्यांना," अंबूबाई आतून म्हणाली. "गानी म्हनाया."

त्यांना कशाला, वत्सलाबाई म्हणाल्या, ते डांगी. त्यांना काय तुमच्या कोकणातली गाणी येणार?

"मी बी डांगी. माझं गाव न हिचं गाव, मधी एक नदी."

वत्सलाबाई हसल्या. म्हातारी गंमत करते आहे असं त्यांना वाटलं. मग हसू ओठांवर तसंच ठेवून त्यांनी मीनाकडे पाहिलं. "मीना, काय म्हणतात गं या?"

बाळ दूध पीत होतं. मीनाने इतके दिवस तयार केलेलं एकही वाक्य तिला आठवेना. सगळी वाक्यं काकूंपासून सुरू व्हायची. ती आईकडे बघून बोलली.

"खरं म्हणते आई. आम्ही कोकणी म्हणजे हेच. डोंगरातले. मी समुद्र पाहिलेला नाही, काकू."

फाटकाशी एका बाईने द्रोण या हातातून त्या हातात घेतला.

मला फसवलंत, वत्सलाबाई म्हणाल्या, आवाज न चढवता. दाराशी उभा असलेला धनराज म्हणाला, काकू, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वत्सलाबाई आठवायला लागल्या. त्यांच्या तोंडावर आठवणं दिसत होतं. त्याने सांगितलं होतं. हाच शब्द सांगितला होता. मग राग कुणावर काढायचा, ते त्यांना सापडेना. त्यांनी आपले हात पाहिले, सकाळी बाळाला चोळलेले. ते धुवायचे होते का? केव्हाचे धुवायचे होते?

"मग मी इतके दिवस काय खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"नागली," अंबूबाई म्हणाली.

ती टोमणा मारत नव्हती. तिला प्रश्न कळला होता तसं तिने उत्तर दिलं.

 

कोणतं कोकण?

हे बिडकरबाई म्हणाल्या. चटईवरून, पदर तोंडाशी धरून. "वत्सलाताई, तुम्ही तर रत्नागिरी म्हणत होता. मग हे कोणतं कोकण म्हणायचं?" आणि शेजारच्या बाईच्या कोपराला कोपर लावलं.

हा प्रश्न वत्सलाबाईंना आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त लागला. याच बिडकरबाई मळ्याच्या दिवसांत शेवंती घ्यायच्या आणि पैसे ओट्यावर ठेवायच्या, वत्सलाबाईंच्या हातात द्यायच्या नाहीत. वत्सलाबाईंनी मान वर केली.

"कोकणं दोन असतात," त्या म्हणाल्या. "एक खालचं, एक वरचं. एवढंही ठाऊक नाही तुम्हाला? यांनी मला कधीच सांगून ठेवलं होतं."

यजमानांनी असं काहीही सांगितलेलं नव्हतं. पण एकदा बोलल्यावर पुढचंही करावं लागलं. त्या फाटकापाशी गेल्या, कडी काढली आणि चिडक्या आवाजात म्हणाल्या, उभ्या का, या की आत. बाया आत आल्या. चटई पुरली नाही तेव्हा आळीतल्या दोघी सरकल्या. बिडकरबाई सरकल्या नाहीत.

गाणी झाली. मीनाला सगळी गाणी येत होती. ती आधी ओठांतल्या ओठांत म्हणत होती, मग नुसते ओठ हलत राहिले. वत्सलाबाई भिंतीला टेकून, परक्याच्या घरी लग्नाला आल्यासारख्या बसल्या होत्या.

आपण वाचलो की बुडालो, हे मीनाने रात्री धनराजला विचारलं. तो म्हणाला, सकाळी कळेल.

 

सकाळी कळलं नाही.

वत्सलाबाई धनराजला म्हणाल्या, पुढच्या महिन्यात दुसरीकडे बघा. दुपारी त्याच त्याला म्हणाल्या, पाळण्यासाठी वरती कडी ठोकून घे, सुतार मी बोलावते. धनराजने विचारलं, म्हणजे राहायचं की जायचं? त्या म्हणाल्या, मला विचारू नकोस. आणि आत जाऊन देवघरापाशी बसल्या, पूजा न करता.

संध्याकाळी नवसाबाई पाणी प्यायला नळावर आली. वत्सलाबाई तिथेच भांडी विसळत होत्या. त्यांचा हात लाल मगाकडे गेला. थांबला. मग त्या आतल्या पेल्यांकडे वळल्या. दारात थांबल्या. नळ वाहत होता. काहीच न घेता त्या घरात निघून गेल्या. नवसाबाई जरा वेळ उभी राहिली आणि नळाखाली ओंजळ धरून पाणी प्याली.

हे अंबूबाईने पाहिलं. तिने आपलं अंथरूण गोळा केलं.

मीना रडायला लागली. आई, काकूंनी तुला जा म्हटलेलं नाही. म्हटलं का? मला तू हवी आहेस. मी तुझ्यासाठी सगळं बोलून बसले, आता तूच चाललीस तर

"मला नाय म्हटलं," अंबूबाई म्हणाली. "मी इथं वरची कोकणी होऊन पेल्यानं पानी पेऊ, न तिनं वंजळीनं. मला नाय जमत, पोरी. मी इथंच हाय, भिंतीपल्याड. न्हाऊ घालाया येईन ना."

शेडमध्ये ती कशी झोपली असेल, या विचारात मीना रात्रभर जागी राहिली. आई तिला हवी होती, आणि आई मिळाली होती, भिंतीइतक्या अंतरावर. वत्सलाबाईंच्या खोलीतही दिवा होता. त्या मध्येच येऊन म्हणाल्या, त्या तिकडे का गेल्या गं, मी तर काही बोलले नव्हते. मीनाने सांगून पाहिलं. मगाचं, पेल्याचं, ओंजळीचं. वत्सलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पण त्या तर वेगळ्या ना, त्या म्हणाल्या, त्या प्लॉटवरच्या. मीनाने विचारलं, कशा वेगळ्या? वत्सलाबाई उत्तर द्यायला बसल्या. बराच वेळ बसल्या. बाळ कुरकुरलं तेव्हा त्यांना उठायला निमित्त मिळालं.

 

सकाळी पाणी तापलं. तेल कोमट झालं. बाळ उघडं होऊन रडत होतं आणि अंबूबाई आली नव्हती. वत्सलाबाईंनी बाळ पायांवर घेतलं, पण पाणी ओतायला कुणी नव्हतं. मीनाला अजून वाकता येत नव्हतं आणि धनराज पाळीला गेला होता. बाळ मीनाजवळ देऊन वत्सलाबाई भिंतीपाशी गेल्या.

पलीकडे बाया चुलीभोवती बसल्या होत्या, सगळ्या पाठमोऱ्या. सगळ्यांची लुगडी सारखी, अंबाडे सारखे. अंबूबाई कोणती ते वत्सलाबाईंना ओळखू येईना. बाळ झाल्यापासून ज्या बाईशी रोज भांडण केलं, तिची पाठ ओळखू येईना. समोर बिडकरबाईंची खिडकी उघडी होती.

हाक काय मारायची, तेही कळेना. आतापर्यंत त्या रत्नागिरीच्या ताई म्हणायच्या. नुसतं नाव घ्यावं तर वयाने मोठी. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"अहो, मीनाची आई," त्यांनी मोठ्याने हाक मारली.

दोघी उठल्या.

एक अंबूबाई होती. दुसरी नवसाबाई. तिच्याही थोरल्या मुलीचं नाव मीना होतं, दिंडोरीकडे दिलेली. दोघी एकमेकींकडे आणि मग भिंतीकडे बघायला लागल्या. एका हाकेवर दोघी कशा उठल्या, ते वत्सलाबाईंना कळलं नाही, आणि विचारायला वेळ नव्हता. आत बाळ रडून लाल झालं होतं.

"ज्या कुणी असाल त्या या," त्या म्हणाल्या. "पाणी गार होतंय."

दोघी फाटकाने आत आल्या. अंबूबाई सरळ तांब्याकडे गेली. नवसाबाई दारात घुटमळली. आपण का आलो, हे तिलाही माहीत नव्हतं. वत्सलाबाई पाय पसरून खाली बसल्या, बाळाला पालथं घातलं, अंबूबाईवर खेकसल्या की डोक्यावर एकदम ओतू नका. मग मागे वळून त्यांनी नवसाबाईच्या हातात टॉवेल दिला, कारण तो कुणीतरी धरायला हवा होता.